उषाच्या मशीनमधल्या अक्षता

निम्मी वाट सरली होती आणि माझ्या टाचांनी कुरकुर सुरू केली होती. नवरात्रात अष्टमीला ताम्हिणीच्या विंझाईला अनवाणी जायचं, हा आमचा दोघींचा दरवर्षीचा नेम. रस्ता तोच, खडी मात्र दरवर्षी नवी. कडेनं सोनकी फुलून पिवळीधमक झाली होती, खाली खाचरांत भाताला लोंब्या धरल्या होत्या, आणि माझ्यापुढं उषा ढमाले ओटीची पिशवी काखोटीला मारून अशी चालली होती, की वाटावं हिला एसटी पकडायची आहे.

"आक्का, पाय उचला. देवी हितं खाली येणार न्हाई तुमाला भेटाया."

"येईल की. दमलेल्या बाईला ती स्वतः भेटायला येते. तुझ्यासारख्या पळणारणीला वर बोलावते."

उषा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तेवढ्यात एक मोठी गाडी अंगावर आल्यासारखी बाजूनं गेली, पुढं जाऊन करकचून थांबली आणि काच खाली झाली. आत गाण्यांचा दणदणाट. "आंटी, वॉटरफॉल किधर है?"

"आगे है," उषा म्हणाली. "जिधर बाटल्या पडेल दिसेंगे, उधरच थांबनेका."

गाडी गेली. मी तोंडाला येईल ते बोलत राहिले. देवीला अनवाणी जाणाऱ्या बायका आहेत, रस्त्यावर लेकरं आहेत, ह्यांना काही आहे का? उषानं मात्र माझ्या सुरात सूर मिसळला नाही. थोडं पुढं गेल्यावर, मागं न बघता, तिनं विचारलं,

"आक्का, त्यो व्हिडिओ तुमच्या फोनात हाय का वो?"

माझे पाय जागीच थांबले. तो व्हिडिओ सगळ्या मुळशीनं पाहिला होता. पाहिला नव्हता तो फक्त उषानं, आणि तो होता तिच्याच मशीनचा.

तो कुठून आला ते सांगायचं तर आधी उषा सांगावी लागेल.

आमची वाडी धरणाच्या काठाला. उषाचं घर आणि माझं घर ह्यांच्यामध्ये एक कुडाची भिंत तेवढी, त्यामुळं तिच्या घरात फोडणी पडली की ठसका मला लागतो. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अंगणवाडीत सेविका होते. उषा दहावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि दिवसभर चिखलात भात लावायचं. नवरा शंभू पिकअप चालवतो. काम असलं तर असतं, नसलं तर गाडी दारात आणि तो ओट्यावर. ह्या बाईनं पौडला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला. सकाळची भाकरी करून एसटीनं जायची, संध्याकाळी येऊन म्हशीची धार काढायची. सासू म्हणायची, "म्हशीला कळतंय का तुजं टायपिंग?" उषा म्हणायची, "म्हशीला न्हाई कळत, पन तुमच्या पेन्शनीचा अर्ज भरीन तवा तुमाला कळंल."

आणि तसंच झालं. तिची भाची सायली हिंजवडीला एका कंपनीत आहे. तिथं जुनी कॉम्प्युटरची मशीनं काढून टाकत होते, त्यातलं एक सायलीनं रीतसर विकत घेऊन मावशीला आणून दिलं. स्वतः उघडून, पुसून, त्यात आणखी एक रॅमची पट्टी बसवून दिली. "मावशी, ह्यात आता दोन पट्ट्या आहेत, म्हणजे एकाच वेळी चार कामं काढलीस तरी दमणार नाही," असं माझ्यासमोर सांगितलं. रॅम म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. मी मनात धरलं, गाडीला एका बैलाऐवजी बैलजोडी जुंपली.

पडवीत, भाताच्या कणगीशेजारी, ते मशीन बसलं. मग कोणाचा सातबारा, कोणाच्या पोरीचा दाखला, कोणाचं गॅसचं, कोणाचं आधार-बँक जोडायचं, सगळी वाडी उषाच्या पडवीत. माझी अंगणवाडीची मोबाईलवरची माहितीसुद्धा मी निवृत्त होईपर्यंत तिनंच भरून दिली. पौडला जायचं म्हणजे आख्खा दिवस मोडतो आणि तिथं जाऊन "सर्व्हर डाऊन, उद्या या" ऐकायचं. उषाकडं सर्व्हर बंद असला तर चहा मिळायचा. लोक तिला "ऑनलाइनवाल्या उषाबाई" म्हणायला लागले. शंभूची बायको, ढमाल्यांची सून, ही नावं मागं पडली. बाईमाणसाला स्वतःच्या कामाचं नाव मिळणं किती अवघड असतं, हे मला बाई असल्यामुळं माहीत आहे.

आता खंडेनवमीला आमच्याकडं कोयता, विळा, नांगर, कुदळ, सगळ्यांची पूजा होते. शंभूच्या पिकअपला हार पडतो. माझ्या शिलाई मशीनला मी हळदकुंकू लावते. जे पोटाला घालतं त्याला हात जोडायचे, एवढी साधी गोष्ट आहे. उषानं तिच्या मशीनचीही पूजा केली. पडद्याशेजारच्या मोठ्या डब्याच्या पुढच्या बाजूला कुंकवाची पाच बोटं उमटवली, वरून अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. दरवर्षी. त्या डब्याला वर जाळी होती, आतल्या पंख्याची गरम हवा बाहेर जायला. देवाला वाहतो तशा वाहिलेल्या अक्षता त्या जाळीतून आत गेल्या, हे ना तिला कळलं, ना तिथं हात जोडून उभ्या असलेल्या मला.

ह्या पावसाळ्यात मशीन रुसलं. चालू केलं की थोडा वेळ चालायचं आणि मध्येच पटकन बंद, नांगराचा बैल चालता चालता सरीतच बसावा तसं. अर्ज निम्मा भरलेला असायचा, तो जायचा. आमच्याकडं पावसाळ्यात लाइटीचा काही भरवसा नाही, म्हणून उषानं आधी लाइटीला शिव्या दिल्या. मग शेजारी टेबलफॅन लावला. मग ओल आत जाऊ नये म्हणून मशीन चालू असतानाच वरून प्लास्टिकचा कागद पांघरला. अंगात ताप असलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळावं तसं झालं ते, पण आम्हाला कोण सांगणार? शेवटी डबा युरियाच्या धुतलेल्या गोणीत घालून, मांडीवर घेऊन ती एसटीनं पौडला गेली. तिथं बाजारपेठेत मनीषचं दुकान आहे. तो दुरुस्तीही करतो आणि ऑनलाइन अर्जही भरतो.

"ठेवून जा मावशी," तो म्हणाला.

ती ठेवून आली, आणि दोनेक दिवसांत आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. उषा त्या गटात नव्हती.

त्यात टेबलावर उषाचा डबा उघडा पडलेला. मनीषचा आवाज. "या या, चपला बाहेर काढून या. हा कॉम्प्युटर नाही, मंदिर आहे. हे बघा कुंकू, हे बघा प्रसादाचे तांदूळ. आमच्या मावश्यांनी पंख्यालाच जेवू घातलंय! आता मशीन सत्यनारायण घातल्याशिवाय चालू होणार नाही." मागं दोघंतिघं खिदळतायत. शेवटी पंख्यात अडकलेल्या अक्षता चिमटीत धरून कॅमेऱ्यापुढं नाचवल्यात. आणि डब्याच्या पुढच्या बाजूला उषाच्याच मोत्यासारख्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी स्वच्छ वाचता येते. "सौ. उषा शंभू ढमाले."

माझ्या अंगाची लाही झाली. चूक झाली, कबूल. अक्षता आत पडायला नको होत्या, पंखा अडला, मशीन तापलं, म्हणून बंद पडत होतं. हे त्याला चार वाक्यांत तिला सांगता आलं असतं. "मावशी, वर जाळी आहे, इथून काही टाकत जाऊ नका." तो कशाला सांगेल? सांगितलं असतं तर ती शहाणी झाली असती. डॉक्टरनं रोग्याला उघडं करून चौकात उभं करावं आणि लोकांना हसायला बोलवावं, असं झालं ते. आणि तिला काय सांगितलं? "मदरबोर्ड गेलेला, महत्प्रयासानं चालू केलाय. आता ह्यात राम राहिला नाही. नवीन घ्या."

डबा घरी आला तो मेल्यासारखाच. बंद पडायचा थांबला, पण एक पान उघडायला लावावं आणि चुलीवर भात टाकावा. भात आधी शिजायचा.

लोकांचं काय सांगू! लीलाबाईच्या विधवा पेन्शनीचा अर्ज उषानं स्वतः खेपा घालून मंजूर करून दिलेला. ती नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "काय उषे, आज यंत्राला निवद काय दावला? पुरनपोळी का साधाच भात?" बायका फिस्सकन हसल्या. ह्याच बायका दिवाळीला वहीवर, तिजोरीवर, फ्रीजवरसुद्धा कुंकवाची बोटं ओढतात. मी कळशी खाली ठेवली आणि म्हणाले, "लीलाबाई, तुझी पेन्शन ज्या यंत्रातून आली त्याला निवद दाखवायचा मान खरं तर तुझा." ती कळशी उचलून निघाली, पण तिचं ते वाक्य उषाच्या कानात जाऊन बसलं होतं. काहीतरी व्हिडिओ आहे, आपल्यावर आहे, एवढं तिला कळलं. बघायला कुणाकडं मागायचा? मी तो तिला दाखवला नाही. कशाला दाखवायचा? पण पुसलाही नाही. माझा फोन रोज "जागा शिल्लक नाही" म्हणून रडतो, आणि नको ते कसं पुसायचं हे मला उषानंच शिकवलंय. मी देवदर्शनाचे फोटो पुसले, तो ठेवला. एक दिवस मनीषच्या तोंडासमोर धरीन म्हणून.

पुढं तर त्यानं कहरच केला. दुकानात आलेल्या आमच्या वाडीच्या लोकांना सांगायला लागला, "उषाबाईंच्या मशीनमधनं भरलेले अर्ज बाद होतात, इकडंच येत जा." लोक जायला लागले. ज्यांना पडवीत चहा मिळत होता ती माणसं आता एसटीला लोंबकळत पौडला जाऊन मनीषपुढं रांगेत उभी राहतात. पडवी ओस पडली. शंभूनं परवा सांगून टाकलं, "दसरा झाला की भंगारवाल्याला देऊ. जागा तरी मोकळी हुईल." वाईट नाही तो, पण त्याला ती जागा दिसते. त्या जागेवर बसलेली बाई दिसत नाही.

मशीन भंगारात गेलं की ऑनलाइनवाल्या उषाबाई संपल्या आणि उरली ढमाल्यांची सून. दसरा दोन दिवसांवर आला होता.

म्हणून तिनं रस्त्यात व्हिडिओचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सणाच्या दिवशी कशाला ते घाण बघतेस? देवीला चाललोय ना आपण?"

"देवीला चाललीया म्हनूनच इचारतीया. हाय का न्हाई ते सांगा."

"आहे."

"मग बसा हितं."

ओढ्यावरच्या पुलाचा कठडा होता. आम्ही दोघी टेकलो. उषानं ओटीची पिशवी मांडीवर ठेवली आणि मग सांगितलं, जे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

गणपतीत सायली आली होती, ते मला माहीत होतं. मशीन कूर्मगतीनं चालतंय म्हटल्यावर सायलीनं वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला आणि विचारलं, "मावशी, दुसरी पट्टी कुठंय?" खाच रिकामी होती. राहिलेली पट्टी तिनं काढली, तिच्या कडेचे पिवळे दात खोडरबरानं घासून स्वच्छ केले, परत बसवली. रंगाच्या मऊ ब्रशानं धूळ काढली, आणि ब्रश फिरवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, ते भिंगरीसारखं फिरू द्यायचं नाही, हे उषाच्याच हातानं करून घेतलं. जमिनीची ओल लागू नये म्हणून डबा पाटावर बसवला. अक्षतांची गोष्ट ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, पूजा कर. फूल पाटावर ठेव, नमस्कार कर. वरून काही टाकू नकोस आणि चालू असताना पांघरूण घालू नकोस. बस." पोरीनं एवढंच सांगितलं, आणि एवढंच सांगायचं होतं.

"मग तू मनीषला विचारलंस?"

"इचारलं की. फोन लावला. म्हनला, एकच पट्टी व्हती. तुमच्या भाचीचा काय तरी घोटाळा झाला आसंल, मावशी. वर म्हनला, चोरीचा आळ घेताय व्हय माज्यावर? गावात सांगू का?" उषानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "आक्का, मी लई दिवस रडले. मग परवा चूल सारवताना माज्या डोक्यात आलं. त्यानं डबा उघडून व्हिडिओ काडला. मंजी आतलं काय काय व्हतं ते दिसत आसंल ना?"

इतक्या वेळा मी तो बघितला, प्रत्येक वेळी मला फक्त त्याचं हसणं ऐकू आलं. माझ्या डोळ्यांवर रागाची झापड. हिला राग नव्हता का? होता. पण हिनं तो चुलीजवळ ठेवून विचार केला होता.

मी फोन काढला. व्हिडिओ सापडेना. शेवटी सापडला.

तिनं तो पहिल्यापासून पाहिला. "चपला काढून या" झालं, "पंख्याला जेवू घातलं" झालं, सत्यनारायण झाला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, पडद्याकडं नाही. खाली ओढा वाहत होता आणि वर मनीष खिदळत होता.

"थांबवा. हितं थांबवा."

मी थांबवला. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पंख्याच्या शेजारी, हिरव्या पाटीवर, उभ्या बसवलेल्या पट्ट्या.

"ही एक," उषा म्हणाली. "आन ही दुसरी."

मला चष्म्यातून जरा वेळानं दिसलं. पण दिसलं. दोन. बैलजोडी.

"आन ह्ये बगा." तिनं चित्र सरकवलं. "ही माजी पाच बोटं. कुंकवाची. आन ही माजी चिठ्ठी. आता म्हनू दे त्याला, ह्ये दुसऱ्याचं मशीन हाय म्हनून. ज्या कुंकवाला हसला, त्येच साक्षीला हुबं हाय."

माझ्या तोंडून शिवी गेली. देवीच्या वाटेवर. मी कानाला हात लावला आणि म्हणाले, "उषे, आत्ताच्या आत्ता परत फिरू. पहिली एसटी धरू. त्याची गचांडी धरते मी."

"आदी देवी," उषा म्हणाली आणि चालायला लागली.

राहिलेली वाट मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. पोलिसांत जाऊ म्हणाले, पेपरात देऊ म्हणाले, व्हिडिओवर लाल गोल काढून सगळ्या ग्रुपवर टाकू म्हणाले. उषा हूं-हूं करत राहिली. देवळात आम्ही ओटी भरली. मी हात जोडले, पण मनात मनीषच. देवीसमोर असं होऊ नये, पण झालं. तिचीही मुद्रा काही सदा शांत नसते; हातात शस्त्रं आहेत तिच्या. उषा मात्र डोळे मिटून बराच वेळ उभी होती. अक्षता वाहताना तिचा हात क्षणभर अडला. मग तिनं त्या वाहिल्या, पायाशी, नीट.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. प्रसादाचा नारळ फोडून तिनं एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"आक्का, उद्या खंडेनवमी. मी सकाळी माज्या मशीनची पूजा करनार हाय. पाटावर फूल ठेवून. आमच्या ह्यांना दार उगडंच ठेवा म्हननार हाय, बगू दे कुनाला बगायचं त्ये."

"करच. मी येते."

"आन दुपारी पौडला. दरसाली मनीषच्या दुकानात पूजा आसती. सगळ्या मशीनींना हार, लिंबू-मिरची, आन पेढं. निम्मं पौड आसतं. आपल्या वाडीचीबी लोकं आस्त्यात, लीलाबाईबी आसती पेढ्याला."

मला कळायला लागलं. माझ्या अंगात परत वारं शिरलं. "मी सांगते त्याला! लोकांदेखत अशी सोलते की..."

उषानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात चिखलातला, कीबोर्डवरचा, जड होता.

"त्येच सांगायचं हाय तुमाला. तुमी लई तापता, आक्का. तुमी बोलाया लागला का लोकं तुमचं भांडान बगत्यात, माजी पट्टी कुनी बगत न्हाई. उद्या तुमी फकस्त फोन धरायचा. आवाज पुरा सोडायचा. त्याचं हसनं सगळं ऐकू द्यायचं त्येला, आन मी थांब म्हनलं का थांबवायचं. फुडचं मी बोलनार. माजी पट्टी माज्या हातात येस्तवर तुमी एक शबुद काडायचा न्हाई. एवडं करा माज्यासाठी. जमंल का?"